पोटनियमात पाणी नाही

एप्रिल २०१६. लातूर शहराला पाणी पाजायला मिरजेहून रेल्वे निघाली. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, प्रत्येकीत ५० हजार लिटर, म्हणजे सगळं मिळून पाच लाख लिटर. पुढं ५० वाघिणींची गाडी लागली, तिच्या एका खेपेत २५ लाख लिटर यायचं. त्याच्या महिनाभर आधी शहरातल्या पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. हे सगळं देशानं टीव्हीवर पाहिलं.

टीव्हीवर फारसं दिसलं नाही ते असं, की त्याच २०१५-१६च्या हंगामात मराठवाड्यातल्या साखर कारखान्यांची धुराडी पेटलेली होती. गव्हाणीत मोळ्या पडत होत्या.

आता हिशेब मांडू. कृषी खर्च व मूल्य आयोगानं महाराष्ट्रातल्या उसाबद्दल जे सांगितलंय त्यावरून एक किलो साखरेमागे सुमारे दोन हजार लिटर पाणी लागतं. जवळजवळ सगळं शेतात, कारखान्यात फार थोडं. रोज २,५०० टन ऊस गाळणारा एक मध्यम कारखाना घ्या. उतारा दहा टक्के धरा. दिवसाला २५० टन साखर, आणि त्या साखरेत शेतानं आधीच ओतलेलं पाणी ५० कोटी लिटर. मिरजेच्या ५० वाघिणींच्या दोनशे गाड्या. एका कारखान्याच्या एका दिवसाच्या.

ते पाणी त्या दिवशी नळातून काढून उसाला घातलं नव्हतं, हे मला कळतं. ते आदल्या वर्ष-दीड वर्षात विहिरींतून, बोअरमधून, कालव्यातून गेलं होतं. दुखणं तिथंच आहे. २०१४ साली मराठवाड्यात पाऊस कमी झाला होता, २०१५ साली पुन्हा कमी झाला. पहिल्या वर्षीच कळायला हवं होतं. कारखान्याला ते कळलं नाही, कारण कळण्याची सोयच कारखान्यात नाही. भूजल किती खाली गेलं हे विचारणारा विभाग नाही, ते सांगणारा अधिकारी नाही, आणि ऐकून घेणारी सभा तर नाहीच.

लातूरकरांना किंवा ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याला दोष द्यायला हा लेख लिहिलेला नाही. शेतकऱ्याकडं मी पुढं येतो. आज मला बोलायचंय ते कारखान्यांच्या संचालक मंडळांशी, आणि तेही त्यांच्याच एका लाडक्या वाक्याबद्दल. ‘संस्था टिकली पाहिजे.’ प्रत्येक चेअरमन हे म्हणतो. कामगारांचे पगार थकले की म्हणतो, सभासदाचं बिल लांबलं की म्हणतो, निवडणूक आली की तर रोज म्हणतो. संस्था टिकली पाहिजे, हे मलाही मनापासून वाटतं. म्हणूनच विचारतो, ती कशावर टिकणार?

साखरेच्या उत्पादनाचे आकडे काढून बघा. महाराष्ट्रात २०१४-१५ला सुमारे १०५ लाख टन साखर झाली. २०१५-१६ला ८४ लाख. लातूरला रेल्वे गेली त्याच्या पुढच्या हंगामात, २०१६-१७ला, ४२ लाख. पुढच्याच वर्षी पुन्हा १०७. २०१९-२०ला ६२च्या आसपास, कारण २०१८चा दुष्काळ आणि २०१९चा महापूर. मग २०२१-२२ला १३७ लाख टनांचा विक्रम, इतका ऊस की जून उजाडला तरी काही ठिकाणी गाळप चालू होतं आणि शेतात उभा ऊस वाळत होता. २०२३च्या कोरड्या वर्षानंतर घसरण, २०२४-२५ला साधारण ८० लाख. हा सगळा आलेख पावसाच्या नोंदवहीतून उतरवून घेतल्यासारखा आहे.

पाऊस असा वर-खाली होतो हे नवीन नाही. नवीन आहे ते कर्ज. चांगलं वर्ष आलं की प्रत्येक कारखान्याला विस्ताराची स्वप्नं पडतात. २,५०० टनांचे ५,००० टन, ५,००० चे १०,०००. बँक कर्ज देते, सरकार थकहमी देतं, आणि मंत्र्याच्या हस्ते बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं. त्या कर्जाचा हप्ता बांधलेला असतो चांगल्या वर्षावर, दीडशे-एकशे साठ दिवसांच्या गाळपावर. पाऊस हटला की गाळप कुठं शंभर दिवसांत, कुठं त्याच्याही आत आटोपतं. व्याज मात्र बाराही महिने चालू. पगार चालू, ऑफ सीझनची दुरुस्ती चालू. दोन कोरडी वर्षं पाठोपाठ आली की ताळेबंदातला तोटा नक्त मूल्य गिळून टाकतो. मग कारखाना भाड्यानं द्यायचा, भागीदारीत चालवायला द्यायचा, नाहीतर बँकेनं जप्त करून विकायचा. २०२२-२३च्या हंगामात राज्यात २१० कारखान्यांनी गाळप केलं. त्यातले जवळजवळ निम्मे खासगी होते. जे राज्य सहकाराचं माहेरघर म्हणून मिरवतं, त्या राज्यात.

इथं कुणीतरी हमखास म्हणणार, कारखाने पाण्यानं नाही बुडाले, चोऱ्यांनी बुडाले. अनेक बुडाले चोऱ्यांनी, हे खरंच आहे. बेहिशेबी नोकरभरती, खरेदीतली टक्केवारी, मातीमोल भावात विकलेल्या जमिनी, हे सगळं झालं आणि त्यावर बोललं गेलंच पाहिजे. पण चोरीवर बोलणं सोपं जातं. चोर चेअरमन मतपेटीतून घरी पाठवता येतो, कोर्टात खेचता येतो. आटलेल्या थराला कोर्टात खेचता येत नाही. आणि माझं म्हणणं त्याहून पुढचं आहे. उद्या प्रत्येक कारखान्याला धुतल्या तांदळासारखा चेअरमन मिळाला, पैचाही घोटाळा झाला नाही, तरी कार्यक्षेत्रात पाणी नसेल तर तो कारखाना प्रामाणिकपणे बंद पडेल.

ज्यांनी हे कारखाने उभे केले, त्यांना संस्था म्हणजे काय हे कळत होतं. लोणीचा प्रवरा कारखाना १९४८च्या अखेरीस नोंदला गेला, आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून तो ओळखला जातो. १९५०-५१ला पहिलं गाळप झालं. विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव फिरून भाग गोळा करत होते, आणि धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ सुरुवातीची वर्षं अध्यक्षपदी बसला होता. सावकार आणि खासगी कारखानदार यांच्यामधून शेतकऱ्याला सोडवायचं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. तो त्यांनी पोटनियमांत उत्तर लिहून सोडवला: भाग किती घ्यायचे, एका सभासदाला एकच मत, भाव कसा काढायचा, नफ्याचं काय करायचं. ज्याची टंचाई होती त्याचे नियम केले. तेव्हा टंचाई भांडवलाची होती, पतीची होती, विश्वासाची होती. पाणी भंडारदऱ्याच्या कालव्यातून येत होतं.

त्यांच्या पाऊण शतकानंतर टंचाई बदलली. पोटनियम तिथंच आहेत. सभासदाचा ऊस कधी नोंदवायचा, कधी तोडायचा, कुठल्या जातीला किती अनुदान, मयत सभासदाचा भाग कुणाच्या नावे करायचा, सगळं लिहिलेलं. पाण्याबद्दल एक ओळ नाही. दोन कारखान्यांत २५ किलोमीटर हवाई अंतर असलंच पाहिजे, असा राज्याचा नियम आहे. ऊस पुरेल का हे परवाना देताना बघतात. तो ऊस पिकवायला पाणी पुरेल का, हे त्या तोलानं कुणी विचारत नाही.

सरकारकडं याची उत्तरं नव्हती असं समजू नका. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या जल व सिंचन आयोगाचा अहवाल १९९९ला आला. तुटीच्या खोऱ्यांत ऊस नको, हे त्यात स्पष्ट होतं. चितळे म्हणजे १९९३ला स्टॉकहोम जल पारितोषिक मिळालेला माणूस, कुणी हवशा-गवशा नव्हे. २००९च्या भूजल कायद्यात ६० मीटरखाली विहीर-बोअर नेण्याला मनाई आहे, साधारण दोनशे फूट. मराठवाड्यात बोअरच्या गाड्या आठशे फुटांवर जातात. २०१७च्या जुलैत मंत्रिमंडळानं ठरवलं की दोन वर्षांत ऊस ठिबकवर आणायचा. ती दोन वर्षं संपली, पाटानं भिजणारा ऊस आजही जागोजाग दिसतो. २०१९ला औरंगाबादच्या विभागीय आयुक्तांनीच सरकारला लिहून कळवलं की मराठवाड्यात उसावर आणि कारखान्यांवर बंदी घाला. त्यानंतरही मराठवाड्यात ऊस वाढला.

हे सगळे वरून खाली आलेले आदेश, आणि ते जमिनीवर पोचायच्या आतच आटले. म्हणून मला सरकारी फतव्यापेक्षा संस्थेनं स्वतःवर घातलेल्या नियमावर जास्त भरवसा वाटतो. आणि ही काही पुस्तकी आशा नाही. याच राज्यात अशी एक व्यवस्था होऊन गेली जिच्यापुढं प्रवरेचं पाऊण शतक लहान वाटावं.

खानदेशात पांझरा, मोसम आणि आरम या नद्यांवर तीनशे-चारशे वर्षं फड पद्धत चालली. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत तिच्या खुणा अजून आहेत. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला कालवा, कुठं दोन किलोमीटरचा तर कुठं दहा-बाराचा. कालव्यातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेतापर्यंत सारंग. गावाची भिजणारी जमीन साधारण चार फडांत वाटलेली. एका फडात शंभर-सव्वाशे हेक्टर असतात, कधी कमी, कधी जास्त. आणि एका फडात एकच पीक. तुमचं शेत ज्या फडात, त्या फडाचं पीक तुमचं. ऊस कुठल्या फडात, हंगामी पिकं कुठल्या, आणि पाणी कमी असेल तर कुठला फड पडीक ठेवायचा, हे गाव बसून ठरवायचं.

यात काय काय साधलं ते बघा. प्रत्येक शेतकऱ्याची जमीन वेगवेगळ्या फडांत थोडी थोडी, त्यामुळं एक फड पडीक राहिला तर तोटा सगळ्यांना वाटून जायचा. वरच्याचं भिजलं आणि खालच्याचं वाळलं, असं व्हायचं नाही. फडातलं पीक दरवर्षी बदलायचं, म्हणून जमिनीचा कस राहायचा आणि एकाच रानात वर्षानुवर्षं पाणी मुरून ती खारवायची नाही. पाणी सोडायला पाटकरी, पिकाची राखण करायला जागल्या, त्यांच्यावर देखरेखीला हवालदार. शेतकऱ्यानं स्वतः जाऊन दारं उघडायची नाहीत, पाणी द्यायचं ते पाटकऱ्यानं. ज्याच्या हातात पाणी, त्याच्या हातात वाटपाचा स्वार्थ ठेवायचा नाही, हे त्या लोकांना कुठल्याही मॅनेजमेंटच्या वर्गाशिवाय समजलं होतं.

त्या फडांत ऊस होता. उसाला शिवी देणं सोपं आहे, पण फडानं ऊस तीनशे वर्षं सांभाळला. एवढंच की किती ऊस हे गव्हाणीचं तोंड ठरवत नव्हतं, नदीतलं पाणी ठरवत होतं. आज उलटं आहे. आधी मशीन येतं, मग मशीनला पुरेल एवढा ऊस शोधायचा, मग त्या उसाला पुरेल एवढं पाणी कुठूनही ओढून आणायचं.

तीनशे वर्षांत फडानं काय पाहिलं नाही? राजवटी बदलल्या, दुर्गादेवीच्या दुष्काळासारखे नाही तरी मोठे दुष्काळ आले, पेंढाऱ्यांच्या धाडी आल्या, इंग्रज आले आणि गेले. फड टिकला. ढासळला तो गेल्या साठ-सत्तर वर्षांत. वरच्या अंगाला धरणं झाली, नदीचं येणं त्यांच्या वेळापत्रकावर गेलं. शेतोशेती विहिरी आणि पंप आले. ज्याची स्वतःची विहीर, त्याला पाटकऱ्याची गरज उरली नाही, आणि गरज नाही म्हटल्यावर नियम तरी का पाळायचा? नदीतली वाळू उपसली गेली. मिळून पाळायचं बंधन सुटलं तिथून संस्था खिळखिळी झाली. संस्थेच्या आयुष्याबद्दल यापेक्षा स्पष्ट पुरावा मला तरी माहीत नाही.

फड जुना म्हणून बाजूला ठेवायचा असेल तर ठेवा. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे नावाचे इंजिनिअर-उद्योजक पुरंदर तालुक्यात नायगावला गेले आणि पाणी पंचायत उभी केली. नियम दोन-चारच होते आणि कडक होते. पाणी जमिनीच्या एकरावर मिळणार नाही, घरातल्या माणसांवर मिळेल, माणशी अर्धा एकर भिजेल एवढं. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. आणि ऊस अजिबात नाही. ज्याला ऊस लावायचा त्यानं पंचायतीत येऊ नये. पाण्याची मालकी जमिनीपासून तोडली, ही त्या काळात केवढी मोठी गोष्ट होती याचा अंदाज आज पाण्यावरून कोर्टकचेऱ्या करणाऱ्या तालुक्यांना येईल.

किंवा हिवरे बाजारला जा. प्रवरेच्याच जिल्ह्यात आहे, पूर्वीचा अहमदनगर, आता अहिल्यानगर. दिवसभरात दोन्ही बघून होतात आणि प्रत्येक संचालकानं ती बघावीत असं मला कळकळीनं वाटतं. या पर्जन्यछायेतल्या गावात पाऊस मोजतात, विहिरींची पातळी मोजतात, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि मग यंदा काय पेरायचं ते ठरवतात. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही. ऊस नाही, केळी नाही. पाऊस फारच कमी झाला तर आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढायचं. पोपटराव पवारांना २०२०ला पद्मश्री जाहीर झाली, भाषणं झाली, हारतुरे झाले. तो ताळेबंद मात्र किती कारखान्यांच्या कार्यालयांत गेला?

शेतकऱ्याकडं येतो म्हणालो होतो. शेतकरी ऊस का लावतो याचं उत्तर त्याच्या अडाणीपणात शोधणाऱ्यांनी एकदा तूर विकून बघावी. उसाला एफआरपी आहे, म्हणजे केंद्रानं ठरवलेला किमान दर. घेणारा ठरलेला आहे. ऊस नियंत्रण आदेशानुसार चौदा दिवसांत पैसे द्यावे लागतात. कारखान्यांनी ते थकवले तरी मागायला कायद्याचा आधार आहे. गारपिटीत, वाऱ्यात ऊस बऱ्यापैकी तगतो. तुरीला, करडईला, ज्वारीला यातलं काय आहे? हमीभाव कागदावर, खरेदी केंद्र सुरू होतं तेव्हा माल अर्ध्या किमतीत व्यापाऱ्याकडं गेलेला. अशा परिस्थितीत ऊस लावणारा शेतकरी चुकत नाही, उपलब्ध असलेली एकमेव सुरक्षितता तो निवडतो.

आणि ती सुरक्षितता त्याला कुणी दिली? सहकारी कारखान्यानं. म्हणजे पीक बदलायची ताकदही त्याच्याच हातात आहे. लातूर ही तुरीची आणि सोयाबीनची मोठी बाजारपेठ आहे, तिथली तूरडाळ देशभर जाते. त्या जिल्ह्यात उसाला जी हमी, जी नोंदणी, जी उचल, जी तोडणी-वाहतूक यंत्रणा सहकारानं उभी केली, तिच्या निम्म्यानं तरी तुरीसाठी का उभी राहिली नाही? कारखान्याकडं गोदामं आहेत, वजनकाटे आहेत, गटवार शेतकी अधिकारी आहेत, प्रत्येक सभासदाचा सातबारा आहे. हे सगळं फक्त साखरेसाठीच वापरायचं असा कुठला दंडक आहे?

उत्तर मला ठाऊक आहे: आम्ही आता साखरेवर कुठं अवलंबून आहोत, आमचा प्रकल्प हरित आहे. बगॅसपासून वीज, मळीपासून आणि रसापासून इथेनॉल, प्रेसमडपासून गॅस. यातलं पुष्कळ चांगलं आहे, वाया जाणारं वापरात आलं, आणि त्याचं श्रेय द्यायला हवं. पण हे सगळे फाटे एकाच खोडाला फुटलेले आहेत आणि खोड पाण्यावर उभं आहे. २०२३चा ऑगस्ट देशात १९०१पासूनचा सगळ्यांत कोरडा ऑगस्ट ठरला. साखर कमी पडेल या धास्तीनं केंद्रानं त्याच डिसेंबरात उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी आणली. डिस्टिलऱ्यांसाठी कोट्यवधींची कर्जं काढलेले कारखाने हात चोळत बसले. त्यांनी दिल्लीला शिव्या घातल्या. त्या ऑगस्टची आठवण एकालाही झाली नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय सोडता येत नाही. ऊस तोडतं कोण? बीडसारख्या जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास निघणारी माणसं. मुकादमाकडून उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता म्हणून मोजलेली, लेकरं ट्रॉलीत घातलेली. ती निघतात कारण त्यांच्या रानाला पाणी नाही. राज्यातल्या एकूण पीकक्षेत्राच्या चार टक्क्यांहून कमी जागेवरचा ऊस सिंचनाचं जवळजवळ सत्तर टक्के पाणी घेतो, हे त्याच कृषिमूल्य आयोगानं लिहिलंय. म्हणजे पाण्याचा एवढा वाटा ज्या पिकाकडं जातो, त्याच पिकाच्या तोडणीला पाणी न मिळालेल्या गावांतले मजूर येतात. बीडमध्ये बायकांनी कमी वयात गर्भाशयं काढून घेतल्याची प्रकरणं २०१९ला उजेडात आली, पाळीमुळं खाडा पडू नये म्हणून. ज्या उद्योगाचा मजूर-पुरवठा दुसऱ्याच्या तहानेवर उभा आहे, तो टिकाऊ आहे असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? आणि ती लेकरं शिकली, तर पुढची पिढी कोयता हातात घेणार नाही. घेऊही नये.

पश्चिम महाराष्ट्राला वाटतं हे मराठवाड्याचं रडगाणं आहे. कृष्णाकाठी पाणी मुबलक, इथं कसली चिंता? शिरोळच्या, वाळव्याच्या क्षारपड रानांकडं बघा. पाण्याच्या कमतरतेनं जमीन मरते तशी अतिपाण्यानंही मरते. मीठ फुटलेल्या पांढऱ्या रानात गवतही धरत नाही. शिरोळच्या दत्त कारखान्यानं हे ओळखलं आणि सभासदांच्या जमिनीत भूमिगत निचऱ्याच्या पाइपलाइन घालून क्षारपड रानं पुन्हा लागवडीखाली आणायचं काम हाती घेतलं. शेतकऱ्याच्या मातीची दुरुस्ती हे कारखान्याचं काम आहे, असं एका कारखान्यानं मानलं. मला या एका कामात संस्था टिकवण्याचं जेवढं शहाणपण दिसतं, तेवढं दहा विस्तार-प्रकल्पांच्या भूमिपूजनांत दिसत नाही.

तेव्हा मुद्द्यावर येतो. सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत होतात. ज्या वाचकांकडं कारखान्याचा भाग आहे, आणि या सदराच्या वाचकांत असे पुष्कळ असतील, त्यांनी या वर्षी पोटनियम दुरुस्तीचा ठराव द्यावा. मजकूर लांबलचक नको. कार्यक्षेत्रातल्या ठरावीक विहिरींची पातळी कारखान्यानं दर ऑक्टोबरात आणि दर मे महिन्यात मोजावी आणि अहवालात गाळपाच्या आकड्यांच्या आधी छापावी. ऑक्टोबरची पातळी ठरलेल्या खुणेखाली गेली, तर पुढच्या हंगामाची नवी लागण कारखान्यानं नोंदवू नये, आणि त्या वर्षी जो सभासद तूर, हरभरा किंवा करडई घेईल, त्याचा माल कारखान्याच्या काट्यावर, कारखान्याच्या गोदामात, ठरलेल्या दरानं घ्यावा. पातळी सलग पाच वर्षं सावरलेली नसेल तर गाळप क्षमता वाढवायला सभेपुढं विषयच आणू नये.

पोटनियम बदलायला सभेत मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश सभासदांचा पाठिंबा लागतो आणि नंतर निबंधकाकडं नोंद व्हावी लागते. पहिल्या वर्षी एवढी मतं पडणार नाहीत. चेअरमन विरोध करणार नाहीत, ते विषय शेवटी नेऊन ठेवतील, ‘आयत्या वेळच्या विषयां’त, जेव्हा जेवणाची ताटं मांडलेली असतात आणि मंडप निम्मा रिकामा झालेला असतो. म्हणून ठराव तोंडी मांडू नका. सभेच्या पुरेशा आधी लेखी द्या, सूचक आणि अनुमोदकाच्या सह्या घाला, तो विषयपत्रिकेवर घ्यावा असं स्पष्ट लिहा, आणि कारखान्याच्या आवक विभागातून शिक्क्यानिशी पोच घ्या.